पिल्लांच्या दिवसांत परसात कसं बसावं

शिमगा आटोपून पालखी सहाणेवरून देवळात परतली, की आमच्याकडे दोन हंगाम एकदम सुरू होतात. एक आपल्या कामांचा. काजूबी गोळा करायची, आंबा उतरवायचा, माडांची पाडप म्हणजे नारळ उतरवणं, तरव्याची भाजावळ म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजणं, आणि मे महिन्यात घर शाकारायचं. दुसरा पिल्लांचा. दयाळ, बुलबुल, शिंजीर, पिंगळा, खार, सड्यावरची म्हणजे उघड्या कातळमाळावरची टिटवी, पुष्कळांची बाळंतपणं शिमगा ते मृग एवढ्या दिवसांत उरकतात. आणि दोघांना जागा एकच हवी असते. ज्या झापांच्या ढिगाला आपल्याला हात घालायचा असतो त्यातच कोणीतरी संसार थाटलेला असतो. म्हणून पिल्लं बघायला शिकायचं तर निम्मं शिक्षण आपली कामं कधी करायची याचंच आहे.

माझं सासर गुहागर तालुक्यात. घरामागे माड-पोफळीचं आगर, त्याच्या वर कलमांची बाग, बाग संपली की गडगा, म्हणजे दगडांचं कुंपण, आणि गडग्यापलीकडे उघडा सडा. मला हे सगळं मामंजींनी शिकवलं. ते पहाटे शिंपणाला जायचे आणि मी त्यांच्या मागून चहा घेऊन. पोफळीच्या मुळाशी पाणी सोडता सोडता ते मान वर न करता सांगायचे, "आज बुलबुलाची पिल्लं बाहेर पडलीत, मांजर आत घे." त्यांना कसं कळलं हे विचारलं, तर म्हणाले, "पिल्लाला शोधू नकोस. आईला बघ. ती तुला घेऊन जाईल." ते जाऊन बारा वर्षं झाली. मी अजून तेच करते आणि खाली जे लिहिलंय ते त्या एका वाक्याचाच विस्तार आहे.

बसायचं कुठे, कधी, कसं

सकाळी उजाडल्यापासून साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी पाचपासून दिवेलागणीपर्यंत. मधल्या वेळात बहुतेक सगळे सावलीला गप्प असतात, टिटवी सोडून. तिचं पुढे सांगते.

जागा एकच धरा आणि रोज तिथेच बसा. मी गोठ्याच्या मागच्या भिंतीला पाठ लावून पाटावर बसते. पाठीमागे भिंत किंवा झाडाचं खोड असलं की आपली आकृती उठून दिसत नाही. पाटावर बसल्यानं आपण ठेंगणे होतो, त्याचाही उपयोग होतो. कपडे मळखाऊ रंगाचे, पांढरे तर नकोतच. फोनचा आवाज बंद. पहिले दोन-तीन दिवस काही दिसत नाही, कारण पाखरं आपल्याला बघत असतात. चौथ्या-पाचव्या दिवशी ती आपल्याला गोठ्याचाच भाग समजायला लागतात.

दुर्बीण असली तर आठ पट मोठं दाखवणारी घ्या, हातात स्थिर राहते. नसली तर अडत नाही. मी पहिली अठरा वर्षं दुर्बिणीशिवाय बघितलं. वही मात्र हवी. माझी वही म्हणजे स्वयंपाकघरातलं कालनिर्णय. दुधाच्या हिशेबाशेजारी "दयाळ मादी, काडी", "पिंगळा ३ तोंडं" अशा नोंदी असतात. जुनी पानं मी फेकत नाही. गेल्या वर्षीच्या तारखा बघितल्या की यंदा कुठल्या आठवड्यात कुठे नजर ठेवायची ते कळतं.

चोचीतला घास

आता मुख्य गोष्ट. घरट्यात पिल्लं आहेत हे ओळखायच्या तीन खुणा आहेत आणि तिन्ही आईबापांच्या वागण्यात दिसतात.

पहिली खूण, चोचीत घास घेऊन उडणारं पाखरू. स्वतःसाठी पकडलेला किडा पाखरू तिथल्या तिथे गिळतं. अळी किंवा नाकतोडा चोचीत धरून ते फांदीवर बसून इकडेतिकडे बघत असेल, तर तो घास दुसऱ्याचा आहे.

दुसरी खूण फार कमी लोकांना माहीत असते. पिल्लाला भरवून झालं की आई किंवा बाप कधीकधी चोचीत पांढरी, ओलसर, शेंगदाण्याएवढी पुडी घेऊन बाहेर पडतात आणि लांब नेऊन टाकतात. ती पिल्लाची शी. पातळ पापुद्र्यात बांधलेली असते, म्हणून उचलता येते आणि घरटं स्वच्छ राहतं. ही पुडी दिसली की समजा, पिल्लं अंड्यांतून बाहेर आलेली आहेत आणि घरटं जवळच आहे.

तिसरी खूण म्हणजे ओरड. दयाळ एरवी माडाच्या टोकावर बसून इतकं गोड गातो, पण घरट्याजवळ साप किंवा मांजर आलं की घसा खरवडल्यासारखा आवाज काढतो. बुलबुल, साळुंक्या, खारी सगळे त्यात सामील होतात. असा गलका ऐकलात तर लगेच धावू नका, उभ्या जागेवरून जमिनीकडे आणि फांद्यांकडे बघा. आमच्याकडे दहातले सहा वेळा धामण निघते, उरलेल्या बहुतेक वेळा शेजारचा बोका. धामणीला मी हाकलत नाही, तीही इथलीच आहे. बोक्याला हाकलते.

आणि एखाद्या वेळी हा गलका आपल्यामुळेच चाललेला असतो. त्याला मोजमाप एकच: चोचीतला घास. पाखरू घास घेऊन आलं आणि आपल्याकडे बघत फांद्या बदलतंय पण घरट्यात शिरत नाही, तर आपण फार जवळ आहोत. तिथून दहा पावलं मागे या. तरीही शिरलं नाही तर आणखी दहा. तुमच्यासाठी तो दोन मिनिटांचा खोळंबा, पण आत उघड्या तोंडानं बसलेल्याचा घास चुकलेला असतो. एका घरट्याच्या जवळ मी सहसा पंधरा मिनिटांवर थांबत नाही. घरट्यापर्यंत चालत जाऊन डोकावत तर नाहीच. कावळे आपल्याला बघत असतात. माणूस रोज एका झुडपात वाकून काय बघतो, हे त्यांच्या लगेच लक्षात येतं.

फोटोसाठी समोरची पानं मोडून "जागा करणं" हा मला सगळ्यात जास्त खटकणारा प्रकार. ती पानं म्हणजे त्या घरट्याचं छप्पर आणि पडदा असतो. चैत्रातल्या दुपारी एक तास सरळ ऊन लागलं तरी उघडं पिल्लू मरतं.

आमच्या गोठ्याच्या मागच्या भिंतीत एका चिऱ्याचा कोपरा तुटून खोबण झालीय. तिथे दरवर्षी दयाळ असतो. गेल्या साली २८ मार्चला मादी काथ्याचे धागे नेताना दिसली. ती राखाडी, नर काळाकुळकुळीत आणि पांढरा. अंड्यांवर ती एकटीच बसते, साधारण बारा-तेरा दिवस. नर तेवढे दिवस वायरीवर बसून पहारा देतो. १४ एप्रिलला पहिली पांढरी पुडी बघितली आणि २८ तारखेला सकाळी सव्वासातला पहिलं पिल्लू खोबणीच्या तोंडाशी आलं. शेपूट बोटाच्या पेरापेक्षा आखूड, छातीवर तपकिरी खवल्यांसारखी नक्षी, चोचीच्या दोन्ही कडा पिवळ्या. बाप समोरच्या पेरूवर अळी धरून बसला होता. आत नेऊन देत नव्हता. पिल्लू ओरडायचं, तो अळी हलवायचा. वीस मिनिटं हे चाललं. मग पिल्लू उडालं म्हणण्यापेक्षा सुटलं आणि पेरूच्या खालच्या फांदीला कसंबसं लटकलं. बापानं तेव्हा अळी दिली.

कोण कुठे सापडेल

शिंजीराचं घरटं बघायला लांब जावं लागत नाही. पडवीच्या दांडीला, कपड्यांच्या तारेला कचऱ्याची पिशवी लोंबावी तसं दिसतं. कोळ्याची जाळी, सालीचे तुकडे, अळ्यांची लेंडकी चिकटवून केलेलं, वर छोटी झालर आणि बाजूला दार. बायका केरसुणीनं जाळं समजून काढून टाकतात. मार्च लागला की उंचावरची जाळी काढण्याआधी दोन मिनिटं उभं राहून बघा.

शिंपी पाखराचं घरटं वांग्याच्या वाफ्यात. एखादं मोठं पान कडेनं कापसानं शिवल्यासारखं दिसलं की त्या रांगेला पाणी हातानं घाला, पाइपची धार मारू नका.

वाळक्या फांद्यांवर नजर ठेवा. शेवगा, पांगारा, जुना रायवळ आंबा यांच्या मेलेल्या फांदीत तांबट आणि कुटुर्र गोल भोक पाडतात, अगदी गिरमिटानं पाडल्यासारखं. वाळकी फांदी जळणाला तोडायची तर पावसाळा संपल्यावर तोडा. आंब्याच्या जुन्या ढोलीत पिंगळे असतात. तिन्हीसांजेला पिल्लं ढोलीच्या तोंडाशी येऊन बसतात आणि आपल्याला बघून मान वर-खाली करतात. पिंगळा घराजवळ असणं अशुभ म्हणणारे आमच्या वाडीत आहेत. मी त्यांना एवढंच सांगते की तो रात्रभर उंदीर, पाली आणि भुंगेरे मारतो, आणि त्या आंब्याखालच्या आमच्या भाताच्या कणगीला उंदीर लागलेला नाही.

कावळ्याच्या घरट्यावर एप्रिल-मेमध्ये लक्ष ठेवा. कोकिळेचं पिल्लू तिथे वाढतं. कोकीळ नर मुद्दाम कावळ्यांसमोर जाऊन त्यांना डिवचतो, ते त्याच्या मागे लागतात आणि तेवढ्यात ठिपक्याठिपक्यांची मादी अंडं घालून जाते. कावळीण आपल्या पिल्लांबरोबर त्यालाही भरवते. हे भरवणं बघायचं असेल तर घरट्याच्या झाडापासून बऱ्यापैकी लांब बसा, नाहीतर डोक्यात चोच बसते.

धनेश आमच्याकडे देवराईच्या बाजूला आहेत. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, तोंड लिंपून फक्त फट ठेवते आणि नर त्या फटीतून वड, उंबर, नांदरूक यांची फळं भरवतो. नराचं येणं थांबलं तर आत सगळी उपाशी राहतात. म्हणून धनेशाचं झाड सापडलं तर पन्नास-साठ पावलांच्या आत जाऊ नका, आणि कुठलं झाड ते गावभर सांगू नका. झाडाखाली फळांच्या बियांचा सडा पडलेला असतो. तो बघण्यासाठी मे महिना संपेपर्यंत थांबायचं.

सड्यावरची टिटवी

ही बघायची तर दुपारी जावं लागतं आणि आधी पायांचा विचार करावा लागतो. आमच्या सड्यावर फुरसं आहे, विषारी साप. घोट्यावर येणारे बूट घाला, दगड उलटू नका, फटीत हात घालू नका, आणि बसायच्या आधी बसायची जागा काठीनं आपटून घ्या. एवढं केलं की निवांत बसता येतं.

टिटवी घरटं बांधतच नाही म्हणाना. कातळावर एवढासा खळगा, भोवती जांभ्याचे खडे, आत चार अंडी, निमुळती टोकं मधे केलेली. रंग असा, की मी एकदा तारीख लिहून ठेवलेल्या जागी उभी राहून पाच मिनिटं शोधत होते आणि ती माझ्या चपलेपासून दोन हातांवर होती. तेव्हापासून मी जवळ जात नाही. गडग्याच्या कडेला काजू आहे, त्याच्या सावलीत, चाळीस पावलांवर बसते.

ज्या दुपारचं सांगायचंय ती एप्रिलमधली. दोनचा सुमार, कातळ इतका तापलेला की समोरची हवा हलत होती. टिटवी अंड्यांवर बसलेली नव्हती, त्यांच्यावर उभी होती. पाय फाकलेले, पंख किंचित सोडलेले, चोच उघडी. तिची सावली बरोबर अंड्यांवर पडत होती. सूर्य सरकला तशी ती थोडी थोडी वळत होती. मग तिचा जोडीदार आला. उडत घरट्यावर आला नाही. लांब उतरला आणि शेवटचं अंतर चालत आला, मधेच थांबत, मधेच दुसरीकडे बघत. त्याच्या पोटाची पिसं ओली होती. दुर्बिणीतून स्पष्ट दिसत होतं, पिसांचे झुबके एकमेकांना चिकटलेले आणि टोकाला थेंब. गुरांसाठी आम्ही सड्याच्या कडेला जांभ्याची डोण ठेवलीय, तिथे पोट बुडवून आला होता. ती बाजूला झाली, तो त्या ओल्या पोटानं अंड्यांवर बसला. त्या दुपारी तासाभरात दोघांनी मिळून तीन खेपा केल्या.

दुसऱ्या दिवसापासून ती डोण मी कधी रिकामी राहू दिलेली नाही.

६ एप्रिलला चार अंडी पुरी झाली होती आणि ४ मेला सकाळी पिल्लं निघाली. टिटवीची पिल्लं दयाळासारखी उघडी, आंधळी नसतात. अंगावर लव असते, डोळे उघडे असतात आणि त्याच दिवशी चालायला लागतात. बघायला मिळतात ती थोडाच वेळ. आईनं इशारा दिला की पिल्लू जिथे असेल तिथे बसतं आणि हलतच नाही. मग दिसतो तो मातीचा ढेकूळ, त्यावर वाळकं गवत. मानेजवळचा पांढरा पट्टा तेवढा कधीकधी चुगली करतो. म्हणून एक नियम पाठ करा: सड्यावर टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली की पुढे पाऊल टाकू नका. थांबा, पायाशी बघा, आणि ज्या वाटेनं आलात त्याच वाटेनं मागे फिरा. पिल्लं पायाखाली जातात ती घाईघाईनं बाजूला होणाऱ्या माणसाच्या.

आपली कामं आणि त्यांची घरं

पाडप असेल त्या दिवशी पाडेल्याला चढायच्या आधीच सांगून ठेवा. आमचा पाडेली आता स्वतःच वरून हाक मारतो, "काकू, हितं खारीचं घर हाय, पोरं हायत आत. काय करू?" तो माड त्या खेपेला सोडायचा. सुके नारळ आपोआप पडतील म्हणून खाली दोरी बांधून ठेवायची, एवढंच. पुढच्या पाडपीला पिल्लं मोठी होऊन गेलेली असतात.

भाजावळीची कवळं, म्हणजे तोडलेल्या डहाळ्या, आणि पातेरा महिना-दीड महिना ढीग होऊन पडलेला असतो. त्यात मुंगूस, सरडे, रानकोंबडीची अंडी काहीही असू शकतं. पेटवायच्या आधी काठीनं ढीग सगळीकडून बडवा आणि पंधरा मिनिटं लांब जाऊन उभे राहा. मग एकाच बाजूनं पेटवा. चारी बाजूंनी पेटवला तर आतल्याला पळायला वाट राहत नाही. काडी लावायच्या आधी वारा बघा, हे तर घर आणि बाग राखण्यासाठीही करायलाच हवं. सड्यावरचं गवत "साफ" करायला म्हणून जे वणवे लावतात, त्यात टिटवी, रातवा, चंडोल यांची अंडी-पिल्लं जागच्या जागी भाजतात. रातवा तर पालापाचोळ्यावरच दोन अंडी घालतो. जळल्यावर मी त्या कातळावरून चालले आहे. त्यावर जास्त लिहवत नाही.

शाकारणीला कौलं काढताना खारीचं घरटं हमखास निघतं. काथ्या, कापूस, चिंध्यांचा गोळा आणि आत दोन-तीन गुलाबी पिल्लं, डोळे मिटलेली. गोळा फोडू नका. तसाच उचलून करंडीत ठेवा आणि करंडी त्याच बाजूच्या वाशाला किंवा जवळच्या फांदीला, सावलीत, मांजर पोचणार नाही अशी टांगा. गड्यांना चहाला बसवा आणि सगळेच लांब व्हा. आई येते, एकेक पिल्लू तोंडात धरते आणि दुसऱ्या घरट्यात नेते. अर्धा-पाऊण तास लागतो. गेल्या सात-आठ वर्षांत एकदाच असं झालं की ती आली नाही.

हौद आणि विहीर. सिमेंटच्या हौदात पडलेलं पिल्लू बाहेर येऊ शकत नाही, भिंती गुळगुळीत असतात. आत एक फळी किंवा सुकी झावळी तिरकी सोडून ठेवा. विहिरीत मी झावळ दोरीला बांधून पाण्यापर्यंत सोडते. पाखरांसाठी पाणी ठेवाल ते पसरट भांड्यात, तीन बोटं खोल, मधे दगड, आणि रोज बदललेलं. मांजर सकाळी आठपर्यंत घरात.

पडलेलं पिल्लू

माझ्या दिरांची मुलं मुंबईहून सुट्टीला येतात तेव्हा दर वर्षी कोणीतरी ओंजळीत पिल्लू घेऊन येतंच. पहिल्या वर्षी आलं ते दयाळाचं होतं. आम्ही त्याला दूध आणि दुधात कुस्करलेली पोळी भरवली, कापसात ठेवलं, चोचीत थेंब थेंब पाणी सोडलं. रात्री ते गेलं. पुतणी माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली, मलाही रडू आवरलं नाही. मामंजी ओरडले नाहीत. सकाळी त्यांनी पेरूकडे बोट दाखवलं. नर चोचीत अळी धरून तिथे बसला होता, ज्या जागेवरून पोरांनी पिल्लू उचललं होतं तिथेच बघत.

म्हणून आधी दोन प्रकार ओळखा. पिसं आलेली आहेत, शेपूट आखूड आहे, टुणटुण उड्या मारतंय, हात जवळ नेला तर पळतंय, असं पिल्लू पडलेलं नसतं. उडायला शिकतंय. त्याला जमिनीवरून उचलून जवळच्या झुडपावर, मांजराच्या आवाक्याबाहेर ठेवा, बस. आईबाप आसपासच असतात. तासभर लांबून बघितलं तर भरवताना दिसतील.

उघडं, पिसं न फुटलेलं पिल्लू खरंच पडलेलं असतं. घरटं सापडलं तर परत आत ठेवा. माणसाचा हात लागला की आई घेत नाही, असं सगळे सांगतात. ते खरं नाही, पाखरं आपलं पिल्लू वासावरून टाकून देत नाहीत. घरटं मोडलं असेल तर नारळाची करवंटी किंवा छोटी टोपली घ्या, तळाला भोकं पाडा, आत सुकं गवत आणि काथ्या घाला आणि त्याच झाडाला, त्याच उंचीच्या आसपास सावलीत बांधा. दूध नाही, पोळी नाही, भात नाही. चोचीत पाणी तर कधीच सोडू नका, ते श्वासनळीत जातं.

जखमी असेल, किंवा दोन तासांत कोणीच आलं नाही, तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. घरी पाळू नका. पोपटाची पिल्लं माडाच्या ढोलीतून काढून विकायला येणारे अजून फिरतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ती पकडणं, विकणं, पाळणं सगळाच गुन्हा आहे. मी त्यांना खळ्यातूनच परत पाठवते.

वाघळाचं पिल्लू वडाखाली पडलेलं दिसलं तर मात्र उघड्या हातानं अजिबात उचलू नका, ती चावतात. मुलांना लांब ठेवा आणि १९२६ लाच कळवा.

दिवेलागणीनंतर

पडवीतले दिवे मालवून बसलं तर उदमांजर दिसतं. जांभूळ पिकायला लागलं की ते पिल्लांना घेऊन खाली येतं. मुंगशीण दिवसाच दिसते, मागे दोन-तीन पिल्लं ओळीनं, आईच्या शेपटीला तोंड लावल्यासारखी. बॅटरी लावायची तर लाल कागद गुंडाळून, आणि डोळ्यांवर रोखायची नाही. कोल्हेकुई ऐकू आली तरी बिळापर्यंत जाऊ नका. कोल्हीण पिल्लं हलवते आणि हलवताना एखादं मागे राहतं.

काजूच्या बागेत किंवा गडग्याच्या आडोशाला मांजरीएवढी, ठिपक्यांची पिल्लं दिसली तर ती रानमांजराचीही असू शकतात आणि बिबट्याचीही. खात्री करायला थांबू नका. हात लावू नका, फोटो काढू नका. तोंड त्या बाजूला ठेवून हळूहळू मागे या, बागेतलं काम त्या दिवसापुरतं बंद करा आणि १९२६. बिबट्याची मादी जवळच असते आणि तिला पिल्लं न्यायला शांतता लागते.

किनारा

ज्यांचं घर समुद्राकडे तोंड करून आहे त्यांच्यासाठी एवढंच. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेनं २००२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर समुद्री कासवांची घरटी राखायचं काम सुरू केलं, आता आमच्या गुहागरच्या किनाऱ्यावरही हॅचरी, म्हणजे अंडी राखायची कुंपणाची जागा, असते. २०२१ मध्ये ओडिशात खुणेची पट्टी लावलेली ऑलिव्ह रिडले जातीची कासवाची मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला येऊन अंडी घालून गेली. पिल्लं साधारण पन्नास दिवसांनी बाहेर पडतात आणि उजेडाकडे चालतात. त्यांना समुद्राचा उजेड दिसायला हवा, आपल्या पडवीचा नव्हे. मार्च ते मे समुद्राकडचे दिवे रात्री बंद ठेवा. कासवमित्र पिल्लं सोडतात तेव्हा आखलेल्या रेषेमागे उभे राहा, आणि पिल्लू उचलून पाण्यात ठेवू नका, वाळूवरून त्यालाच चालू द्या.

मृग लागला की मी पाट उचलून आत ठेवते. रिकामी घरटी काढत नाही, पावसात ती आपोआप जातात. गोठ्याची खोबण तेवढी दिवाळीनंतर एकदा काठीनं मोकळी करायची, जुना काथ्या आणि किडे काढायचे. गेल्या वर्षी भिंतीची डागडुजी केली तेव्हा गवंडी त्या कोपऱ्यालाही सिमेंट लावत होता. त्याला सांगून तो एक चिरा तसाच तुटका ठेवून घेतला.